दिलासाकाकांची विषयसूची

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाद्यांचं एक दुकान आहे. तिथे गादी विकत मिळते आणि दिलासा फुकट. दिलासा नको, नुसती गादी द्या, असं म्हणायची सोय मात्र नाही. गिऱ्हाईक गादीवर हात दाबून बघत असतानाच मालक विचारतात, "झोप येत नाही ना?" आता झोप येत नसल्याशिवाय गादीच्या दुकानात हौसेनं कोण येतं? तरी गिऱ्हाईक दचकतं, आपलं गुपित यांना कसं कळलं असं त्याला वाटतं, आणि तिथेच ते फसतं. मालकांना सगळे दिलासाकाका म्हणतात. तोंडावर म्हणतात. काका ती पदवी समजतात.

दुकानाच्या नावाची पाटी छोटी आहे आणि तिच्याखालची पाटी मोठी. तिच्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलंय: 'निर्धास्त आडवा होशील, तुला कोणी दचकवणार नाही.' त्याच्याखाली बारीक अक्षरांत, 'हिब्रू धर्मग्रंथातून'. गादीच्या धंद्याला याहून चपखल वाक्य शोधून सापडलं नसतं. पण काकांना ते शोधूनच सापडलं होतं, आणि त्यांची शोधायची रीत हाच या हकिकतीचा विषय आहे.

तो ग्रंथ, म्हणजे त्याचं मराठी भाषांतर, काकूंच्या माहेरचा. काकूंचे वडील रोज संध्याकाळी त्यातलं पानभर मोठ्यानं वाचायचे, आणि मुलीच्या लग्नात त्यांनी तो जावयाच्या हातात ठेवला. जावयानं तो उघडला, पण मागून. मागे विषयसूची होती. अश्रू, आजार, उशी, झोप, दुःख, धीर, अशी अक्षरवार. काकांना स्वर्ग सापडल्यासारखं झालं. सूचीवर बोट फिरवायचं, आकडा बघायचा, पान काढायचं, ओळ वाचायची, पुस्तक मिटायचं. त्या ओळीच्या आधी काय झालं, नंतर काय होणार, ती म्हणतंय कोण आणि कोणाला, या चौकशीत ते कधी पडले नाहीत. "औषधवाल्याकडे खोकल्याची बाटली मागितली तर तो बाटली देतो," ते म्हणत. "कारखान्याची वंशावळ सांगत बसतो का?"

सूचीमुळे त्यांना एक गोष्ट मात्र कळली होती. एवढा मोठा ग्रंथ, पण त्यात धड झोपणारी माणसं फार थोडी. एक राजा रात्र रात्र रडून अंथरूण भिजवतो. काकांना त्याची कीव येई, पण ती अंथरुणाकडून येई. "कापूस एकदा भिजला की गोळे धरतो. परत पिंजल्याशिवाय गत्यंतर नाही." दुसऱ्या एका बादशहाला झोप येईना म्हणून तो दरबारच्या जुन्या नोंदी वाचून घेतो. "सरकारी कागद ऐकूनसुद्धा माणूस जागा राहतो म्हणजे दोष गादीतच असला पाहिजे," हा काकांचा निवाडा. आणि एक तरुण प्रवासी धोंडा उशाला घेऊन गाढ झोपतो, वर त्याला स्वप्नात स्वर्गाला लागलेली शिडी दिसते. हा उल्लेख काका दुकानात टाळत. धंद्याच्या दृष्टीनं तो हानिकारक होता.

या सगळ्या ओळींतून काकांनी एक नियम काढला. झोप न येणं ही वरून आलेली नोटीस आहे. आपलं कुठेतरी काहीतरी चुकलेलं असतं. ते शोधा, सुधारा, की झोप दारात उभी. नियम सुटसुटीत होता आणि त्याचा मोठा गुण म्हणजे तो नेहमी समोरच्याला लागू पडे. काका स्वतः उशीला डोकं टेकताच घोरत, त्यामुळे त्यांच्या चारित्र्याबद्दल निदान त्यांना तरी शंका नव्हती.

नोकरी गेलेला माणूस आला, त्याला नियम सांगितला. सून नांदत नाही म्हणून जागणारी सासू आली, तिलाही सांगितला. तिला तो सुनेच्या बाबतीत पटला. शाळेतल्या बाईंचा तरुण मुलगा अपघातात गेला, त्यानंतर त्या एकदा उशी घ्यायला आल्या. काकांनी त्यांना दोन उशा दाखवल्या आणि एक ओळ ऐकवली. बाई उशी न घेताच गेल्या. काकांनी घरी येऊन सांगितलं की उशी बहुधा त्यांना कडक वाटली.

मग काकूंची झोप उडाली.

काकू दुकानाच्या मागच्या खोलीत बसतात. एका भिंतीशी कापसाचा ढीग, दुसऱ्या भिंतीशी कापडाचे तागे, मध्ये जमिनीवर गादी आणि गादीपाशी काकू. खोळी त्या शिवतात, कापूस त्या भरतात आणि भरलेल्या गादीला टाके त्याच घालतात. टाके घालायला हातभर लांबीची दाभण लागते. ती एका बाजूनं खुपसायची आणि दुसऱ्या बाजूनं दोऱ्यासकट ओढून काढायची. जाड गादीतून दाभण बोटांनी निघत नाही, खांद्यानं निघते. लग्नापासून काकू उजव्या खांद्यानं ती ओढत आल्या होत्या. पुढे दुकानात दिलासा, मागे दाभण, असा संसार चांगला चालला होता.

"अहो, रात्री डोळ्याला डोळा नाही," काकू एका सकाळी म्हणाल्या. "कुशीवर वळलं की खांद्यातून अशी कळ जाते—"

"झोप नाही?" काकांनी चहाचा कप खाली ठेवला. खांदा त्यांना ऐकूच आला नाही. "कधीपासून?"

"खांदा दुखतोय तेव्हापासून. केस बांधायला हात वर जात नाही हो."

"खांद्याचं मागाहून बघू. आधी झोपेचं बघू."

आधी त्यांनी धंद्यातला इलाज केला. काकूंच्या अंगाखालची गादी बदलली. मऊ दिली, मग टणक दिली, मग खाली टणक आणि वर मऊ अशी खास दिली. हे सांगायला हवं की या साऱ्या गाद्यांना टाके काकूंनीच घातले. रुग्णानं स्वतःचं औषध स्वतः कुटावं तसा हा प्रकार, फक्त इथे कुटायला दुखरा हात होता. खांदा आणखी बिघडला. काकांनी सुस्कारा सोडला आणि ग्रंथ मागून उघडला.

"आठव," ते म्हणाले.

"काय आठवू?"

"काय केलंस ते."

"कधी?"

"तेच तर आठवायचंय."

"अहो, पण मी खांद्याबद्दल—"

"खांदा हे निमित्त आहे गं. बोलावणं वरून आलंय."

काकू सरळ स्वभावाच्या. शिवाय रात्रभर छताकडे बघत पडायचं म्हटल्यावर आठवायला वेळ भरपूर. त्या खरोखर आठवायला लागल्या. काहीच केलेलं नाही असा माणूस जगात सापडत नाही, हा काकांच्या नियमाचा खरा आधारस्तंभ होता. काकूंना आठवलं की शेजारणीचं पातेलं आपल्याकडे राहिलंय. त्या ते देऊन आल्या. शेजारणीला पातेलं हरवल्याचंही आठवत नव्हतं. आता मात्र आणखी काय काय यांच्याकडे गेलं असेल याचा विचार करत ती दोन दिवस घर धुंडाळत होती. काकूंना आठवलं की काकांचे मित्र चष्मेवाले, त्यांच्या बायकोला आपण एकदा पाठीमागे 'बाहुली' म्हटलं होतं. त्या माफी मागून आल्या. त्या बाईला हे माहीत नव्हतं, ते आता माहीत झालं. आणि मग काकूंना वन्सं आठवल्या.

वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण, वरच्या मजल्यावर राहणारी. काकू वर गेल्या आणि स्वच्छ मनानं म्हणाल्या, "वन्सं, तुमच्या हातचा स्वयंपाक मला कधीच आवडला नाही. मी दरवेळी वा वा म्हणायचे, ते खोटं होतं. मला माफ करा."

कबुलीचा आवाज तळमजल्यापर्यंत आला नाही. उत्तराचा आला.

त्या रात्रीही काकूंना झोप लागली नाही. काकांनी यावरून असा अर्थ काढला की मुख्य पाप अजून बाहेर यायचंय.

पुढच्या रविवारी दुपारी काकूंच्या समाचाराला बैठक भरली. काका होते, काकांचे बालमित्र चष्मेवाले होते आणि वन्संही होत्या. त्या आदल्या भांडणानंतर बोलत नव्हत्या, पण काकूंच्या दुःखात सामील व्हायची संधी सोडण्याइतका त्यांचा राग कडक नव्हता. काकू खाटेवर उजवा हात मांडीवर जपून धरून बसल्या होत्या. बाकीचे तिघे खुर्च्या ओढून समोर.

"वहिनी," चष्मेवाले घसा साफ करत म्हणाले, "माणूस म्हटला की दुःख आलंच. आग म्हटली की ठिणगी उडणारच."

"हेसुद्धा ग्रंथात आहे!" काका उजळून म्हणाले. "जवळजवळ असंच आहे. 'द' खाली."

"आग नाही भाऊजी, खांदा आहे," काकू म्हणाल्या.

"मी काय म्हणते," वन्सं म्हणाल्या, "देवानं दिलंय ते कमीच दिलंय. ज्याची जीभ अशी, त्याचा नुसता खांदाच धरला. हे उपकारच."

"ताई, हेही आहे!" काकांना राहवेना. "की तुझ्या अपराधाच्या मानानं शिक्षा हलकीच आहे. 'श' खाली. तू कधी वाचलंस?"

"वाचायला कशाला हवं? डोळ्यांनी दिसतंय."

"मला एकदा डॉक्टरकडे नेता का?" काकूंनी विचारलं.

तिघांनीही एकमेकांकडे बघितलं. या प्रश्नाची ओळ सूचीत नसावी. चष्मेवाले हलकेच म्हणाले की डॉक्टर काय, शरीर बघतो. वन्सं म्हणाल्या, हल्ली कोणालाही जरा दुखलं की डॉक्टर. काका म्हणाले, "तू आधी मन मोकळं कर. मग गरज पडली तर डॉक्टर आहेच, कुठे जातोय?" मग तिघांनी चहा मागितला. काकूंनी डाव्या हातानं केला. सांडलेला उजव्या हातानं पुसायला गेल्या तेव्हा त्या एकदम खाली बसल्या आणि त्यांनी चेहरा कापडात लपवला. बैठक चहा छान झाला म्हणून उठली.

त्यानंतर काकूंनी आठवणं बंद केलं आणि तो ग्रंथ स्वतःकडे घेतला. काकांना बरं वाटलं. काकूंना सूची वापरायची सवय नव्हती. वडील वाचायचे तशा त्या एका बाजूनं वाचत गेल्या. खांद्यानं उठवलं की दिवा लावायचा आणि पुढचं पान. काका शेजारी घोरत असत.

एका दुपारी शाळेतल्या बाई त्यांच्या आईची जुनी गादी घेऊन दुकानात आल्या. कापूस पिंजून परत भरायचा होता. उशीच्या त्या प्रसंगानंतर त्या प्रथमच येत होत्या. काका गल्ल्यावरून उठून पुढे झाले आणि सवयीनं म्हणाले, "झोप येत नाही ना?"

"मला नाही, आईला," बाई म्हणाल्या. "आणि तिला फक्त गादी हवी आहे."

तेवढ्यात मागच्या खोलीचा पडदा सरकवून काकू बाहेर आल्या. हातात ग्रंथ होता, मध्ये बोट घातलेलं. बोट पुढून घातलेलं होतं.

"अहो, बाहेरची ती पाटी. ते वाक्य कोणाचं?"

"ग्रंथातलं."

"ते झालं. पण म्हणतंय कोण?"

"कोण म्हणजे? देव. नाहीतर देवाचा कोणी जवळचा."

"नाही हो. ऐका." काकू गाद्यांच्या चळतीवर टेकल्या. "एक भला माणूस असतो. भला होता असं ग्रंथच सुरुवातीला सांगतो, त्यात वाद नाही. त्याची गुरं जातात, माणसं जातात, सगळी मुलं एका दिवसात घराखाली सापडून जातात. मग अंगभर फोड येतात. तो राखेत बसतो, खापरीनं अंग खाजवत. त्याला झोप नाही. अंथरूण दिलासा देईल म्हणून पडावं, तर स्वप्नं भिववतात, असं तो म्हणतो. मग त्याचे तीन मित्र येतात. सात दिवस त्याच्यापाशी नुसते बसून राहतात. एक शब्द बोलत नाहीत."

"बघ! किती समजूतदार माणसं."

"मग बोलायला लागतात."

बाईंनी हातातली गादी खाली ठेवली.

"तुमची पाटी त्यातला तिसरा बोलतो," काकू म्हणाल्या. "मुलं पुरलेल्या माणसाला. म्हणतो, तुझ्या हातून पाप झालंय, ते टाक, मग बघ कसा निर्धास्त आडवा होशील. ठिणग्या म्हणतो तो पहिला. आणि वन्सं म्हणाल्या ना, शिक्षा कमीच आहे, तेसुद्धा हाच तिसरा."

"मग यात चूक काय आहे?" काका म्हणाले. "सल्ला चांगलाच आहे की."

"शेवटी देव येतो."

"येणारच."

"आणि त्या तिघांवर भडकतो. म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. तो राखेतला बोलला ते खरं. आणि तो तर पहिल्यापासून शेवटपर्यंत तक्रार करत होता हो! 'माझं काय चुकलं ते दाखव', एवढंच विचारत होता."

काकांनी ग्रंथ घेतला. घाईघाईनं मागची पानं काढली. बोट वरून खाली फिरलं, परत वर गेलं.

"सूचीत असं काही नाही," ते म्हणाले.

बाई इतका वेळ पाटीच्या मागच्या बाजूकडे बघत होत्या. मागून अक्षरं नव्हती, नुसतं पत्र्याचं गंजलेलं पान होतं.

"माझा मुलगा गेला तेव्हा मला तुम्ही सांगितलंत," त्या म्हणाल्या, "की आठवा. माझ्याकडून काय झालं ते आठवा. मी वर्षभर आठवत होते. सापडत होतं रोज काहीतरी. त्याला लहानपणी एकदा मारलं होतं. गाडी घेऊ दिली, ते. त्या दिवशी लवकर निघ म्हटलं, ते." त्यांचा आवाज वर्गात असावा तसा सपाट होता. "ते तिसऱ्या मित्राचं होतं होय."

काका गल्ल्यामागे गेले. त्यांच्याजवळ प्रत्येक प्रसंगाला ओळ असे. आता ते गल्ल्यातली सुटी नाणी मोजायला लागले. शेवटी म्हणाले, "वाईट हेतू नव्हता हो."

"त्यांचाही नव्हता," काकू म्हणाल्या. "आसवं गाळत आलेत बिचारे, अंगावरचे कपडे फाडून. अहो, उठा आता. मला डॉक्टरकडे जायचंय."

"आत्ता? दुकान?"

"तुम्ही जा, मी बसते," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून खरंच बसल्या. "कोणी आलं तर गादी दाखवीन. नुसती गादी."

हाडांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर काका अंग चोरून बसले. जाण्याआधी दारातच काकूंनी अट घातली होती: "सोबत या, पण बोलायचं नाही." शेजारी पाय प्लास्टरमध्ये असलेला एक माणूस होता. तो आपणहून म्हणाला, "रात्रभर ठणकतो हो, झोप म्हणून नाही." असं आमंत्रण काकांना आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. ते त्याच्याकडे वळले, त्यांच्या ओठांचा आकारही झाला. काकूंनी समोर भिंतीकडे बघतच नुसता घसा खाकरला. काका म्हणाले, "हं." तो माणूस मग बराच वेळ त्यांना पायाबद्दल सांगत राहिला, आणि काकांना घाम फुटला.

डॉक्टरीणबाई तरुण आणि दमलेल्या होत्या. "काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"झोप नाही हिला," काका म्हणाले. "तसं मनाचं जास्त आहे. म्हणजे शरीर ठीक—"

"तुम्हाला दुखतंय?"

"मला? नाही."

"मग त्यांना बोलू दे."

डॉक्टरीणबाईंनी काकूंचा हात धरून बाजूनं वर न्यायला सुरुवात केली. हात खांद्याच्या उंचीपर्यंतही गेला नाही. काकू ओरडल्या. काकांनी तो आवाज प्रथम ऐकला असावा, कारण ते खुर्चीतून अर्धे उठले. घरात तो काकू उशीत दाबत असत.

"हात मागे जातो का? नाही. सांधा पार आखडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतके महिने कशाला थांबलात? रात्री हा जास्तच छळतो. काम काय करता?"

"गाद्यांना टाके घालते."

"या हातानं? अजूनही?"

काकूंनी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी काकांकडे बघितलं. काका छताच्या पंख्याकडे बघत होते.

"टाके आजपासून बंद. व्यायाम शिकवतील, गोळ्या देते, नाहीच सैल झाला तर सुई देऊ. वेळ लागेल, आधीच सांगते. पण कधी सुरू झालं, कसं वाढलं, ते मला नीट पहिल्यापासून सांगा."

"बरं होईल ना?" काका पुटपुटले.

"अहो, त्यांना बोलू द्या म्हटलं ना."

काकूंनी पदर नीट केला, डाव्या हातानं. बाहेर बाकावर माणसं वाढत होती, कोणीतरी दारातून डोकावून गेलं.

"पहिल्यापासून म्हणजे," काकूंनी विचारलं, "खांद्यापासून सांगू का लग्नापासून?"

"खांद्यापासून सांगा."

"ते एकच आहे," काकू म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या.